झाडं उभी आणि घरं खाक, म्हणून लेझर?

तो फॉरवर्ड तुमच्याकडेही आला असेल. चार फोटो, वर लाल अक्षरांत "हा वणवा नव्हता!!" आणि खाली मुद्दे. थोडक्यात मजकूर असा: नोव्हेंबर २०१८ मध्ये कॅलिफोर्नियातलं पॅरडाइज गाव जळलं, ऑगस्ट २०२३ मध्ये हवाईतलं लाहायना, जानेवारी २०२५ मध्ये लॉस एंजेलिसच्या कडेच्या वस्त्या. सगळीकडे घरांची राख झाली, पण शेजारची झाडं उभी राहिली. गाड्यांची चाकं वितळून वाहिली. निळ्या वस्तूंना धक्का लागला नाही. भोंगे वाजले नाहीत, पोलिसांनी रस्ते अडवले, मृतांचे आकडे दडवले. तेव्हा हे आकाशातून सोडलेल्या लेझर शस्त्राचं काम, आणि हेतू एकच, लोकांच्या जमिनी गिळणं. शेवटी अर्थातच "जागे व्हा, दहा जणांना पाठवा".

पहिल्या दोन-तीन वेळा मी तो वाचून सोडून दिला. मग आयुष्यभर यंत्रं दुरुस्त करण्यात गेलेल्या, कोणत्याही बाबाबुवाच्या नादी न लागलेल्या एका मित्राने तो पाठवला आणि खाली लिहिलं, "बाकीचं जाऊ दे, पण झाडांचं काय उत्तर आहे तुझ्याकडे?"

प्रश्न रास्त आहे. फोटो खरेच आहेत. पॅरडाइजमध्ये पाइनची उंच झाडं उभी आणि त्यांच्या बुंध्याशी घराचा फक्त धुराडा शिल्लक, हे दृश्य कोणालाही चक्रावून टाकेल. तेव्हा तिथूनच सुरुवात करू.

"झाडं हिरवी, घरं राख. असं कोणत्या वणव्यात होतं?"

जवळजवळ प्रत्येक वणव्यात, जिथे वस्ती जळते तिथे.

ओलं लाकूड पेटवायचा प्रयत्न ज्याने केलाय त्याला अर्धं उत्तर ठाऊक आहे. जिवंत पाइनच्या पानांत त्यांच्या कोरड्या वजनाइतकं, कधी त्याहूनही जास्त पाणी असतं. घराचं लाकूड वर्षानुवर्षं वाळलेलं असतं. शिवाय घरात गाद्या, पडदे, प्लॅस्टिक, रंग, गॅरेजमधलं पेट्रोल. जळायला यातलं काय सोपं, हे सांगायला नको.

उरलेलं अर्धं उत्तर जास्त महत्त्वाचं आहे, आणि ते आपल्या डोक्यातल्या चित्राशी जुळत नाही. वणवा म्हटलं की आपल्याला ज्वाळांची एक भिंत दिसते, ती जंगलातून येते आणि गावावरून फिरते. तशी भिंत आली असती तर झाडं आधी जळायला हवी होती, हा फॉरवर्डवाल्यांचा तर्क बिनचूक आहे. पण तशी भिंत गावात आलेलीच नसते. येतात त्या ठिणग्या, निखारे, जळत्या सालीचे तुकडे. सोसाट्याच्या वाऱ्यात ते आगीच्या पुढे एक-दोन किलोमीटर सहज जाऊन पडतात.

अमेरिकेच्या वनखात्यातले संशोधक जॅक कोहेन यांनी या एका प्रश्नावर उमेदीची वर्षं घालवली. नव्वदच्या दशकाच्या शेवटी कॅनडाच्या उत्तरेकडच्या जंगलात त्यांनी आणि सहकाऱ्यांनी लाकडी भिंती उभ्या केल्या आणि समोरचं जंगल मुद्दाम पेटवलं, शेंड्यांपर्यंत. दहा मीटरवरच्या काही भिंतींनी पेट घेतला. वीस आणि तीस मीटरवरच्या भिंती पेटल्या नाहीत. जंगलाची मोठी आग एका जागी जेमतेम मिनिटभर भडकते आणि पुढे सरकते. भिंत पेटायला तेवढी धग पुरत नाही. पेटलेलं घर मात्र तासन्‌तास जळत राहतं.

आता एक ठिणगी जवळून पाहा. आकार अंगठ्याच्या नखाएवढा. ती अंगणातल्या जिवंत झाडावर पडली तर विझते. तीच छपराच्या कडेच्या पन्हळीत पडली, जिथे गेल्या मोसमाचा पाचोळा साचून कुरकुरीत झालाय, तर पाचोळा धुमसतो, मग छपराची कड पेटते. पोटमाळ्याला हवा लागावी म्हणून ठेवलेल्या झडपेतून ती आत गेली तर घर आतून पेटतं आणि बाहेरून काही वेळ काहीच दिसत नाही. दाराशी ठेवलेलं पायपुसणं, भिंतीला टेकलेलं लाकडी कुंपण, खिडकीखालचं शोभेचं झुडूप, कुठेही ती बसू शकते. म्हणून कॅलिफोर्नियाच्या बांधकाम नियमांत झडपांच्या जाळीच्या भोकांचं माप सुमारे तीन मिलिमीटर इतकं बारीक ठरवून दिलंय. लेझरला जाळी अडवत नाही. ठिणगीला अडवते.

आणि एक घर पेटलं की पुढचं काम ते घरच करतं. पॅरडाइजमधल्या जळलेल्या आणि वाचलेल्या घरांचा पुढे अभ्यास झाला. घर वाचणार की जाणार हे ठरवणाऱ्या मोठ्या गोष्टींपैकी एक होती, जवळचं दुसरं जळकं घर किती अंतरावर आहे. तिथल्या कित्येक झाडांची फक्त घराकडची बाजू करपलेली होती. म्हणजे झाडाने घर जाळलं नव्हतं, घराने झाड भाजलं होतं. मित्राला हे सांगितलं तेव्हा तो बराच वेळ गप्प होता, आणि मग म्हणाला, "बरं, पण चाकं?"

"गाडीची चाकं वितळून ओघळ आले. साध्या आगीत धातू वितळतो का?"

ॲल्युमिनियम ६६० अंश सेल्सिअसला वितळतं. पेटलेल्या घराचं किंवा गाडीचं तापमान ८०० ते १००० अंशांपर्यंत जातं. टायरचं रबर, सीटचा फोम, टाकीतलं इंधन, सगळं चाकाच्या अवतीभवतीच असतं. ओघळ आले नसते तर नवल.

फोटो मात्र पुन्हा नीट पाहा. चाक वाहून गेलंय, पण गाडीचा पोलादी सांगाडा जागेवर आहे. पोलाद वितळायला १४०० अंशांच्या आसपास जावं लागतं. म्हणजे तिथलं तापमान ६६० च्या वर आणि १४०० च्या खाली होतं. जो फोटो लेझरचा पुरावा म्हणून फिरतोय, तो साध्या आगीचा थर्मामीटर आहे.

"निळ्या वस्तू वाचल्या" आणि तो आकाशातल्या झोताचा फोटो

यावर फार वेळ घालवत नाही. निळ्या छत्र्या वाचल्या, तशा लाल, पांढऱ्या, हिरव्या वस्तूही वाचल्या, आणि निळ्या गाड्या शेकड्यांनी जळल्या. निळं शोधायला बसलं की निळंच सापडतं. आकाशातून उतरणाऱ्या प्रकाशझोताचा जो फोटो सर्वांत जास्त फिरला, तो मे २०१८ मध्ये कॅलिफोर्नियाच्या व्हँडेनबर्ग तळावरून झालेल्या फाल्कन ९ रॉकेटच्या उड्डाणाचा आहे. कॅमेऱ्याची झडप बराच वेळ उघडी ठेवून काढला की रॉकेटचा मार्ग असाच रेघेसारखा उमटतो. आणि ते रॉकेट वर चाललं होतं.

"सगळी गल्ली खाक, एकच लाल छपराचं घर शाबूत. कोणाचं होतं ते?"

हे घर लाहायनाच्या फ्रंट स्ट्रीटवरचं. आजूबाजूला करडी राख आणि मधोमध लाल छप्पर, पांढऱ्या भिंती. आधी लोक म्हणाले फोटो खोटा आहे. तो खरा निघाल्यावर म्हणाले मालक बडी असामी असणार.

शंभरेक वर्षांचं लाकडी घर ते. मालकांनी आगीच्या थोडं आधी डागडुजी केली होती. जुनं डांबरी छप्पर काढून जाड पत्रा घातला, भिंतीलगतची झाडंझुडपं उपटली आणि छपराच्या वळचणीखाली सगळीकडे नदीतले गोटे पसरले. आगीचा विचारही त्यांच्या मनात नव्हता, वाळवीचा होता. पत्र्यावर पडलेल्या ठिणग्या निवल्या, भिंतीशी पडलेल्यांना गोट्यांत जळायला काही मिळालं नाही. नशिबाचाही वाटा होताच, अशी तयारी करूनही घरं जातात. पण कट शोधायचा तर तो गोट्यांचा होता.

"भोंगे मुद्दाम बंद ठेवले, रस्ते मुद्दाम अडवले"

इथे मात्र मी फॉरवर्डला हसणार नाही. भोंगे खरंच वाजले नाहीत. रस्ते खरंच बंद होते. चीड यावी असंच ते आहे, पण चीड कोणाची यायला हवी ते पाहू.

८ ऑगस्ट २०२३ ची सकाळ. हवाईच्या दक्षिणेला कित्येकशे किलोमीटरवरून डोरा नावाचं चक्रीवादळ चाललेलं, उत्तरेला जास्त दाबाचा पट्टा, आणि दोन्हींच्या मधून डोंगरउतारावरून सुटलेला प्रचंड वारा. साडेसहाच्या सुमारास तुटलेल्या वीजवाहिनीत पुन्हा वीज आल्यावर गवत पेटलं. अग्निशमन दलाने ती आग विझवली, तासन्‌तास पाणी मारून दुपारी पथक परतलं. तीनच्या सुमारास त्याच जागेवरून आग पुन्हा उठली. दुपारची आग सकाळच्याच आगीतून पेटली, असा निष्कर्ष अधिकृत तपासात निघाला.

ते गवत तिथे कसं आलं? लाहायनाभोवती शंभराहून अधिक वर्षं उसाचे मळे होते. तिथला साखर कारखाना १९९९ मध्ये बंद पडला. जमिनी ओस पडल्या आणि त्यांवर गिनी गवत, बफेल गवत माजलं. ही बाहेरून आणलेली जात पावसात डोक्याएवढी वाढते आणि उन्हाळ्यात काड्यापेटीसारखी वाळते. जाणकार वर्षानुवर्षं धोका सांगत होते.

भोंग्यांबद्दल आपत्ती व्यवस्थापनाच्या तेव्हाच्या प्रमुखांनी सांगितलं की हे भोंगे लोक त्सुनामीचे समजतात, ते वाजवले असते तर माणसं डोंगराकडे, म्हणजे आगीच्याच दिशेने धावली असती. हे पटणारं नव्हतं, आणि दुसऱ्याच दिवशी त्यांनी राजीनामा दिला. मोबाइलवर इशारे पाठवले गेले, पण तोवर वीज आणि टॉवर दोन्ही गेले होते. तारा आणि खांब आडवे पडले म्हणून पोलिसांनी काही रस्ते बंद केले. मग गाड्या फ्रंट स्ट्रीटवर एकामागे एक अडकल्या, आणि माणसं गाड्या सोडून बंधाऱ्यावरून समुद्रात उतरली. पाठीमागे गाव जळतंय, तोंडावर ओलं फडकं, लाटांबरोबर दगडांवर आपटणं, असे कित्येक तास. तटरक्षक दलाने १७ जणांना पाण्यातून उचललं.

पॅरडाइजचीही गोष्ट अशीच साध्या वस्तूंची आहे. ८ नोव्हेंबर २०१८ ला सकाळी साडेसहाच्या सुमारास दहा-अकरा किलोमीटरवरच्या वीजमनोऱ्यावरचा तार टांगायचा एक लोखंडी हूक झिजून तुटला. हूक जवळपास शंभर वर्षांचा होता. आठ वाजता निखारे गावात पडत होते. गावाकडे आपत्तीचा आराखडा होता, विभाग पाडलेले होते, रंगीत तालीमही झाली होती. पण तो एकेक विभाग क्रमाने हलवायचा आराखडा होता, आणि सगळं गाव एकाच तासात निघालं. ८५ जण गेले, त्यांतले बहुतेक पासष्टीच्या पुढचे. १८ हजारांवर बांधकामं जळली. वीज कंपनी पीजी अँड ई हिने २०२० मध्ये न्यायालयात सदोष मनुष्यवधाच्या ८४ आरोपांत गुन्हा कबूल केला.

हे वाक्य पुन्हा वाचा. कंपनीने कबूल केलं. नावानिशी, ८४ वेळा. आणि आपण ग्रुपवर उपग्रह शोधतोय. एखाद्या वीज कंपनीच्या वकिलाला याहून सोयीचं दुसरं काय हवं?

लॉस एंजेलिसजवळच्या अल्टाडीनात ७ जानेवारी २०२५ च्या संध्याकाळी आग लागली. गावाच्या पूर्व भागाला निघून जायचा आदेश लवकर मिळाला, पश्चिम भागाला कित्येक तास उशिरा, मध्यरात्र उलटून गेल्यावर. ईटन नावाच्या त्या आगीत १९ माणसं गेली, आणि जवळपास सगळी पश्चिम भागातली. उशीर का झाला, हा विचारण्याजोगा प्रश्न आहे. तो विचारणारी माणसं तिथे आहेत, सभा भरवतात, कागद मागतात. त्यांच्या शेजारी उभं राहून कोणी "लेझर, लेझर" ओरडायला लागला की सगळ्यांनाच वेड्यात काढणं अधिकाऱ्यांना सोपं जातं.

"आकडा ११५ वरून ९७ वर आणला. उरलेले कुठे गेले?"

लाहायनाचा आकडा सप्टेंबर २०२३ मध्ये खरंच खाली आला. कारण ऐकवत नाही, पण सांगायला हवं. इतक्या आगीनंतर सापडतात ते अवशेष. ते मिसळलेले असतात, वेगवेगळ्या ठिकाणी उचललेले असतात. डीएनए जुळवल्यावर कळलं की काही नमुने एकाच माणसाचे होते. पुढे आणखी नावं निश्चित होत गेली आणि आकडा १०२ वर थांबला. आधी, लाहायना ज्या माउई बेटावर आहे तिथल्या प्रशासनाने एफबीआयने तयार केलेली बेपत्ता म्हणून ३८८ नावांची यादी जाहीर केली होती. त्यांतल्या पुष्कळांनी स्वतःच फोन करून "अहो, मी जिवंत आहे" असं कळवलं. आकडा दडवायचा असता तर कोणी अशी यादी छापली नसती.

आकडे लहान वाटतात याचं दुसरं कारण वेगळंच आहे, आणि त्याचा फॉरवर्डला पत्ता नाही. वणव्याने मेलेल्यांत लांबवर पसरलेल्या धुराने मेलेले धरले जात नाहीत. ऑस्ट्रेलियात २०१९-२० च्या उन्हाळ्यात आगीत थेट ३३ माणसं गेली. त्याच मोसमातल्या धुरामुळे आणखी सुमारे ४१७ मृत्यू झाले असावेत, असा अंदाज तिथल्या संशोधकांनी मांडला. ती माणसं ज्वाळांपासून कुठेतरी लांब, घरात, दम लागून किंवा हृदयविकाराने गेली. त्यांचा फोटो निघत नाही.

"हे सगळं जमिनींसाठी"

ही भीती हवेतून आलेली नाही. लाहायनात राख गरम असतानाच घरं गमावलेल्यांना दलालांचे फोन येऊ लागले, इतके की राज्यपालांना त्या भागात न मागता जमिनीची बोली लावण्यावरच बंदी घालावी लागली. अल्टाडीनात विकले गेलेले बरेच भूखंड कंपन्यांच्या नावावर गेले. हवाईत तर मळेवाल्यांनी जमीन आणि ओढ्यांचं पाणी कसं बळकावलं, हे पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं जातं.

पण जमीन जायला लेझर लागत नाही. विम्याची रक्कम घर बांधायला पुरत नाही एवढं बस्स होतं. परवानगी लांबते, भाडं आणि जळलेल्या घराचा हप्ता दोन्ही चालू राहतात, आणि दीड वर्षाने माणूस हात टेकतो. पॅरडाइजची वस्ती २६ हजारांच्या आसपास होती. २०२० च्या जनगणनेत तिथे ४,७६४ माणसं मोजली गेली. ज्यांची घरं वाचली त्यांचंही सुख नव्हतं. वितळलेल्या प्लॅस्टिकमुळे आणि आत ओढल्या गेलेल्या धुरामुळे नळाच्या पाण्यात बेंझिन हे कर्करोगकारक रसायन सापडलं. हे पाणी पिऊ नका, उकळूनही पिऊ नका, असं सांगितलं गेलं. आपलं घर उभं, नळाला पाणी, आणि स्वयंपाकाला बाटल्या. असे महिने काढा म्हणजे कळेल गाव रिकामं का होतं.

आणि याच लोकांचं अफवांनी काय केलं? माउईत पसरलं की सरकारी मदतीचा अर्ज भरला की जमीन सरकारजमा होते. तातडीच्या खर्चासाठी दिलेले ७०० डॉलर हीच एकूण मदत, असंही पसरलं. दोन्ही खोटं होतं. अमेरिकेच्या आपत्ती निवारण संस्थेला खुलाशांचं वेगळं पानच चालवावं लागलं. जमिनी वाचवा म्हणून ओरडणाऱ्या फॉरवर्डने ज्याला हा अर्ज भरू दिला नाही, त्याची जमीन जाण्याची शक्यता वाढवली. अमेरिकेच्याच ऑरेगन राज्यात सप्टेंबर २०२० च्या आगींत तर अमुक गटाचे लोक आगी लावत फिरताहेत अशी आवई उठली. काही ठिकाणी लोक बंदुका घेऊन नाके उभारून बसले, जीव वाचवून पळणाऱ्या गाड्या थांबवू लागले. पोलिसांचे फोन या आवईच्या चौकशीने भरून गेले. शेवटी एफबीआयला सांगावं लागलं की यात तथ्य नाही, अशा अफवांत पोलिसांचा आणि अग्निशमन दलाचा वेळ जातो.

"आणि तो वड? गाव जळलं, वड कसा वाचला?"

फॉरवर्डच्या नव्या आवृत्तीत हा मुद्दा जोडलाय. लाहायनाच्या कचेरीसमोरचा वड एप्रिल १८७३ मध्ये लावलेला, आणि रोप गेलं होतं भारतातून. दीडशे वर्षांत त्याने पारंब्या टाकत टाकत अख्खा चौक व्यापला. लग्नं, बाजार, शाळेच्या सहली, सगळं त्याच्याखाली.

तो शाबूत राहिला नव्हता. करपला होता, पानं तपकिरी होऊन गळली होती. जाणकारांनी बुंध्याची साल खरवडून आत ओल आहे का ते पाहिलं. भाजून घट्ट झालेली माती भुसभुशीत केली, खताचा थर दिला, टँकरने पाणी घालत राहिले. ज्यांची स्वतःची घरं गेली होती तेही येऊन बघून जात. सप्टेंबरच्या मध्याला, आग लागल्यापासून सहाएक आठवड्यांनी, काळ्या फांद्यांवर पोपटी कोंब दिसले. वडाचा काही भाग मात्र मेला होता. तो पुढे कापून काढावा लागला.